प्रश्न सतरा, प्रश्नकर्ती सहा

४ मे, सोमवार

आजपासून पुन्हा कामावर. ऑफिसच्या नोंदवहीत आम्ही काय केलं तेवढंच लिहितो: कोणती फाइल उघडली, सॉफ्टवेअरला कोणती आज्ञा दिली, काय उत्तर आलं. का केलं, याला तिथे रकाना नाही. तो भाग या वहीत लिहायचं ठरवलं आहे.

बायको गेल्याला तेवीस दिवस झाले. लोक भेटायला येऊन गेले. आता येत नाहीत, ते बरं आहे.

टेबलावर ज्येष्ठांच्या पाहणीचं काम मी सोडलं होतं तिथेच होतं. साठीच्या पुढची चारशे ऐंशी माणसं. शहराचे आठ विभाग, प्रत्येक विभागातून चिठ्ठ्या टाकून दोन वस्त्या, प्रत्येक वस्तीतून तीस घरं, प्रत्येक घरातून एक माणूस. घरोघर जाऊन फॉर्म भरणाऱ्या आठ बायका होत्या. त्यांना आम्ही प्रश्नकर्ती म्हणतो आणि नावाऐवजी क्रमांक देतो. क्रमांक सहा ती होती.

शाळेची नोकरी संपल्यावर तिने हे काम धरलं. मला सांगितलं नव्हतं. नेमणुकीच्या यादीत नाव वाचलं तेव्हा कळलं. त्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "यादीत तुझं नाव आहे." ती म्हणाली, "हो." विषय तिथे संपला.

संध्याकाळी सातला मुलीचा फोन. जेवण? झालं. झोप? लागते. आमच्याकडे राहायला या. बघू. फोनवरच वेळ दिसते: एक मिनिट चाळीस सेकंद.

५ मे, मंगळवार

पाहणीत बत्तीस प्रश्न आहेत, पण जिने पैसे दिले त्या संस्थेला सतराव्यातच रस आहे. "मागच्या सात दिवसांत असा एखादा दिवस गेला का, ज्या दिवशी कुणीही तुमच्याशी सलग पाच मिनिटं बोललं नाही? असल्यास किती दिवस?" एकटे राहणारे आणि कुटुंबात राहणारे, या दोन गटांत "होय" म्हणणाऱ्यांचं प्रमाण किती वेगळं आहे, ते हवं. फरक मोठा निघाला तर संस्था एकट्यांसाठी केंद्रं काढणार. जागाही बघून ठेवली आहे म्हणे.

दोन टक्केवाऱ्या काढून वजाबाकी करणं शाळेतल्या मुलालाही जमेल. आमचं काम पुढे असतं. घरात तीन म्हातारी माणसं असतील तर त्यातलं एकच आम्ही निवडतो, म्हणून त्याचं उत्तर तिघांच्या वजनाचं धरतो. एकट्या राहणाऱ्याचं वजन कमी, कारण तिथे निवडायला दुसरं कुणी नसतंच. शिवाय एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात, तेही सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. नाहीतर ते चारशे ऐंशी माणसं सुटी सुटी धरतं आणि नको तेवढ्या आत्मविश्वासाने बोलतं.

प्रश्नकर्त्यांसाठीची सूचना-पुस्तिका मीच लिहिली होती. प्रश्न सतराच्या खाली माझंच वाक्य आहे: "प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद थांबावे. मगच खूण करावी."

दुपारी डबा नव्हता. मागवायचं लक्षात राहिलं नाही.

७ मे, गुरुवार

उत्तर आलं. एकटे राहणारे: ३२ टक्के. कुटुंबात राहणारे: १७ टक्के. फरक पंधरा टक्क्यांचा दिसतो, पण चुकीचा पल्ला, म्हणजे आकडा किती खाली-वर असू शकतो तो, इतका रुंद आहे की हा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात सात. आमच्या धंद्यात शंभरात पाचच्या वर गेलं की "फरक आहे" असं लिहीत नाहीत.

पल्ला एवढा रुंद का, ते शोधायला वस्तीवार तक्ता काढला. चौदा वस्त्यांत कुटुंबात राहणाऱ्यांचं "होय" आठ-नऊ टक्के. दोन वस्त्यांत अठ्ठेचाळीस, आणि तिथल्या घरांत म्हातारी माणसं जास्त, म्हणून वजनही जास्त. एक वस्ती चौथ्या विभागातली, एक सातव्या. दोन्ही प्रश्नकर्ती क्रमांक सहाच्या.

तक्ता तीनदा काढला. तिन्ही वेळा तोच आला. सॉफ्टवेअरमध्ये तेवढा गुण आहे.

८ मे, शुक्रवार

साहेबांना तक्ता दाखवला.

"अहो, हे... आता तुम्हाला कसं सांगू?"

"सांगा."

"तब्येत बरी नव्हती ना त्यांची तेव्हा?"

मी म्हटलं, तेव्हा ते माहीत नव्हतं. कुणालाच.

"तसं नाही हो. माणूस थकतो, जिने चढवत नाहीत, मग चार फॉर्म घरी बसून भरतो. असं होतं. मी काही बोट दाखवत नाही." बोट तक्त्यावर होतं. "ते साठ फॉर्म काढून टाका आणि पुन्हा चालवा. संस्थेला बावीस तारखेला अहवाल द्यायचाय."

मी म्हटलं, तपासल्याशिवाय काढता येत नाहीत.

"मग तपासा. पण तुम्ही नका तपासू. तुम्ही... म्हणजे, बरं दिसत नाही. हवालदारांना सांगा."

हवालदार म्हणजे आमच्या फील्डच्या प्रमुख बाई. प्रश्नकर्त्यांच्या मागे न सांगता जाऊन उभ्या राहतात, म्हणून हे नाव. त्यांना ते ठाऊक आहे. मला त्या दशांश म्हणतात. मलाही ठाऊक आहे.

११ मे, सोमवार

घरी बसून भरलेले फॉर्म ओळखता येतात. वेळा एकसारख्या असतात, एकच उत्तर ओळीने येतं, आकडे पाचाच्या पाढ्यात पडतात. तिच्या साठ फॉर्मांत यातलं काही नाही. फक्त एक गोष्ट. इतर सात जणींना एका फॉर्मला सरासरी चोवीस मिनिटं लागली. तिला एकावन्न.

साहेब म्हणाले, "बघा. एकावन्न मिनिटं कोण बोलतं कुणाशी?"

हवालदार म्हणाल्या, "त्यातली पन्नास ती ऐकत असणार. तुमच्याकडे आली की दोन मिनिटांत बाहेर यायची, साहेब. बोलायला तुम्हीच असायचात ना."

साहेब हसले. मीही हसायला हवं होतं बहुधा.

पुन्हा भेटीसाठी चिठ्ठ्या टाकून घरं काढली. हवालदार म्हणाल्या, "दशांश, तुम्ही चला बरोबर. विचारीन मी. तुम्ही नुसतं बसायचं."

नुसतं बसणं मला जमतं.

१२ मे, मंगळवार

सातव्या विभागातली वस्ती. पहिलं घर एका म्हाताऱ्या शिंप्याचं. तिसरा मजला, घरात सहा माणसं. सून, दोन नातवंडं, चालू टीव्ही. त्याच्या जुन्या फॉर्मवर प्रश्न सतराला "होय, चार दिवस" अशी खूण.

हवालदारांनी प्रश्न वाचला. शिंपी काही म्हणायच्या आत सून म्हणाली, "ह्यांच्याशी बोलत नाही? आमचा घसा बसतो बोलून! ऐकायला येत नाही, ओरडून सांगावं लागतं."

शिंप्याने मान हलवली. "बोलतात की. रोज बोलतात."

हवालदारांनी खूण केली: नाही. माझ्याकडे बघितलं नाही. चहा झाला. बशी पुसून ठेवली. एकूण अकरा मिनिटं.

निघताना शिंपी जिन्यापर्यंत आला. मग जिना उतरू लागला. सुनेने वरून विचारलं, "आबा, कुठे निघालात?" तो म्हणाला, "पाहुण्यांना सोडून येतो." तीन मजले उतरायला त्याला बराच वेळ लागला. खाली बाक आहे. तिथे बसून दम घेतला आणि म्हणाला, "वर काय सांगणार? त्या बाई मला इथे घेऊन बसल्या होत्या."

"कोणत्या बाई?" हवालदारांनी विचारलं.

"तुमच्याच. चष्मा दोरीला बांधलेला. प्रश्न विचारला आणि गप्पच बसल्या. मी म्हटलं, छे, असं काही नाही. तरी गप्प. कागदावर काही लिहीनात. मला वाटलं, आता ह्यांना झोप लागली का काय. मग मीच म्हटलं, चार दिवस." त्याने गुडघे चोळले. "त्या म्हणाल्या, घरोघरी मातीच्या चुली, काका. आमच्याकडेही तसंच आहे."

मी नुसतं बसायचं ठरलं होतं. तरी एक विचारलं. "हे त्या तुम्ही उत्तर देण्याआधी म्हणाल्या की नंतर?"

"आता ते कसं आठवणार? दोघं बोलत होतो हो."

याचं महत्त्व त्याला समजणं शक्य नव्हतं. पुस्तिकेत स्पष्ट आहे: "प्रश्नकर्तीने स्वतःचा अनुभव किंवा मत सांगू नये." आधी सांगितलं असेल तर तिने उत्तर सुचवलं. नंतर सांगितलं असेल तर केवळ गप्पा.

१३ मे, बुधवार

चौथा विभाग. चार घरं. तिघांना ती आठवते, बोलतात, "होय" म्हणतात. तिघांनाही तिने जिन्यात, अंगणात किंवा गच्चीत नेलं होतं. त्यातल्या दोघांना मातीच्या चुलीही आठवतात. आधी की नंतर, कुणालाच नाही. चौथ्या घरी एक आजी, गुडघ्यांमुळे जागेवर बसून असलेल्या. आम्ही दारात असतानाच त्यांनी विचारलं, "त्या बाई नाही आल्या? पुन्हा येते म्हणाल्या होत्या."

हवालदारांना खोकला आला. मी म्हटलं, "त्या आता या कामावर नाहीत." वाक्य खरं आहे.

"मग निरोप द्या. म्हणावं, चष्म्याची दोरी विणून ठेवलीय. जुनी विटली होती."

दोरी खिशात आहे. निळी.

परतताना हवालदारांनी टिपण वहीत उतरवलं. मग म्हणाल्या, "घरी बसून भरले नाहीत, एवढं तर झालं."

मी म्हटलं, "पण सूचना मोडली. आणि वर खोटंही सांगितलं. समोरचा मोकळा व्हावा म्हणून असेल, पण आमच्याकडे तसं काही नव्हतं."

त्या म्हणाल्या, "असं होय."

१५ मे, शुक्रवार

साहेबांनी हवालदारांचं टिपण वाचलं. "म्हणजे भेटी झाल्या, पण उत्तरं त्यांनी काढून घेतली. नवऱ्याबरोबर राहणारी बाई दारोदार सांगते, आमच्याकडेही तसंच आहे. ऐकणारा हो म्हणणारच. बनावट नाही म्हणत मी. पण भेसळ तर आहे? शितावरून भाताची परीक्षा करायची म्हणजे शीत तरी धड हवं. काढा ते साठ."

मी साठ फॉर्म बाजूला काढून चालवलं. एकटे ३१, कुटुंबात ९. संस्थेला हवा तसाच फरक. पण चुकीच्या पल्ल्याचा जो रकाना असतो, त्यात आकडा आला नाही. नुसता ठिपका आला.

ठिपक्याचं कारण सोपं आहे. चौथ्या आणि सातव्या विभागात आता एकेकच वस्ती उरली. दोन वस्त्या असतील तर एक दुसरीपेक्षा किती वेगळी आहे ते बघून चूक मोजता येते. एकटीच असेल तर कशाशी ताडून बघणार? सॉफ्टवेअर उगाच अंदाज करत नाही, गप्प बसतं.

"मग शेजारच्या विभागात मिसळून टाका ती वस्ती," साहेब म्हणाले. "दोघं मिळून एक. ठिपका जाईल."

जाईल. तसं करतात. पण ज्याची मोजणी वेगळी व्हावी म्हणून विभाग वेगळा पाडला, त्याला सोयीसाठी दुसऱ्यात ढकलायचं, हे मला कधीच पटलेलं नाही.

मुलीचा फोन. ती म्हणते, मागची खोली रिकामी केली आहे, सामान किती ते सांगा. मी म्हटलं, बघू. एक मिनिट पंचावन्न सेकंद.

१८ मे, सोमवार

मी स्वतःला विचारलं की ते फॉर्म मला का ठेवायचे आहेत. दोन कारणं निघाली. एक, घरं चिठ्ठीने निवडली होती, भेटी झाल्या, आणि उत्तर आवडलं नाही म्हणून फॉर्म काढायचे नसतात. दुसरं, तिने केलेलं शेवटचं काम ते आहे. दुसरं कारण अहवालात चालत नाही. पण पहिलं कारण दुसऱ्यामुळे सुचलं की काय, याची मला खात्री देता येत नाही.

साहेबांना लिहून दिलं की प्रश्नकर्ती क्रमांक सहा ही विश्लेषकाची पत्नी होती, याची नोंद अहवालात व्हावी. ते म्हणाले, "हे कशाला? सगळ्यांना माहीत आहे." मी म्हटलं, वाचणाऱ्याला नाही.

निर्णय बुधवारी. साहेबांचा कल बदललेला नाही.

१९ मे, मंगळवार

हवालदार दुपारी माझ्या टेबलापाशी आल्या. हातात तपकिरी पाकीट.

"सरावाचे फॉर्म. टाकून द्यायचे असतात. माझ्याकडे राहतात, मी काही टाकत नाही."

प्रशिक्षणाच्या आठवड्यात प्रत्येक प्रश्नकर्तीने आपल्या घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाचा एक फॉर्म सरावासाठी भरायचा, असा नियम आहे. माझाच. ती तेव्हा घरी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली होती, "दहा मिनिटं आहेत? सरावाचा फॉर्म आहे." मी संगणकावर काहीतरी काम करत होतो. "विचार," म्हटलं.

पाकिटात दोन फॉर्म होते.

पहिला माझा. सुरुवात आठ दहा, शेवट आठ चौदा. प्रश्न सतरा: नाही. शेवटी प्रश्नकर्तीच्या शेऱ्याची जागा असते. तिचं अक्षर शाळेच्या फळ्यावरचं, गोल. "उत्तरदाता सहकार्य करतो. वर पाहत नाही."

दुसरा तिचा. घरात तिसरं प्रौढ कुणी नाही, म्हणून तो तिने स्वतःच विचारून स्वतःच भरला. प्रश्न सतरा: होय. पाच दिवस. शेरा: "विचारल्यावर थांबावे लागते. दहा सेकंद पुरत नाहीत."

एकाच घरातली, एकाच आठवड्यातली दोन उत्तरं. दोन्ही बरोबर असू शकतात. मी दिवसभर ऑफिसात बोलत असे.

हवालदार उभ्याच होत्या. म्हणाल्या, "तुम्हाला दाखवावं की नाही, तीन दिवस ठरत नव्हतं."

मी म्हटलं, "दाखवलंत ते बरं झालं. पुरावा आहे."

"कशाचा?"

"ती खोटं बोलली नव्हती याचा."

त्या खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा चहा गार झाला.

२० मे, बुधवार

साहेबांच्या खोलीत तिघं. साहेब म्हणाले, "तर मग साठ फॉर्म बाद. हो ना?"

मी तिचा सरावाचा फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. माझाही ठेवला.

साहेबांनी दोन्ही वाचले. शेरे पुन्हा वाचले. चष्मा काढला. "हे... हे खाजगी आहे हो. हे तुम्ही तुमच्याजवळ ठेवा."

"फाइलला लावा," मी म्हटलं. "नवऱ्याबरोबर राहणारी बाई असं सांगते ते खरं कसं असेल, हा तुमचा आक्षेप होता. त्याचं उत्तर यात आहे. तिने सूचना मोडली, तेही लिहू. आधी की नंतर, कळलेलं नाही, तेही लिहू. पण इतर सात जणींनी चोवीस मिनिटांत, सगळ्या घरासमोर विचारलं. त्यांचे नऊ टक्के खरे आणि तिचे अठ्ठेचाळीस खोटे, असं म्हणायला आपल्याकडे काही आधार नाही. या घरात चार मिनिटांत विचारलं तेव्हा उत्तर 'नाही' आलं होतं."

एवढं मी सलग त्या खोलीत अकरा वर्षांत बोललो नसेन. हवालदार खिडकीबाहेर बघत होत्या.

साहेब म्हणाले, "संस्थेला आवडणार नाही."

"नाही."

"जागा बघून ठेवलीय त्यांनी."

"हो."

त्यांनी माझा फॉर्म उचलला आणि म्हणाले, "वर पाहत नाही. अगदी बरोबर लिहिलंय." मग सही केली.

२२ मे, शुक्रवार

अहवाल गेला. मुख्य तक्ता सर्व चारशे ऐंशी माणसांचा: ३२ आणि १७, फरक खात्रीने सांगता येत नाही. परिशिष्टात साठ फॉर्म वगळून तक्ता, ठिपक्यांसकट. तळटीप चौदा ओळींची. साहेब म्हणाले, तळटीप तक्त्यापेक्षा मोठी झाली. संस्थेचा अजून फोन नाही.

निळी दोरी चष्म्याला बांधली. तिच्या. केसमध्ये ठेवला.

२४ मे, रविवार

सातला मुलीचा फोन. जेवण झालं, झोप लागते. सामान किती, ते मी अजून सांगितलेलं नाही.

मग मी म्हटलं, एक विचारायचं आहे. आणि प्रश्न सतरा वाचून दाखवला, पुस्तिकेतल्या शब्दांत.

ती हसली. "बाबा, हे काय? चार माणसांचं घर आहे माझं. छे, असं कुठे?"

एरवी मी इथे खूण केली असती. फोन कानाला तसाच धरला. समोर भिंतीवर घड्याळ आहे. दहा सेकंद झाले. तिने विचारलं, "बाबा, आहात ना?"

मी म्हटलं, "आहे."

वीस झाले. तिच्या बाजूला एक दार बंद झाल्याचा आवाज आला. बहुधा ती गच्चीत गेली.

त्यानंतर तिने काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. मधे एकदा तिने विचारलं, आईने तुम्हाला कधी काही सांगितलं होतं का. मी म्हटलं, एकदा लेखी दिलं होतं, मी ते वाचायला उशीर केला. आमच्याकडेही तसंच होतं, असंही सांगितलं. ते मी तिच्या उत्तराच्या नंतर सांगितलं, आधी नाही.

एकूण अठ्ठेचाळीस मिनिटं. प्रश्नकर्ती सहाच्या सरासरीच्या जवळ.